शतपावलीची सहस्रपावली : मधुमेही माणसाला चालते कसे ठेवावे

अनगोळहून एका मुलीने विचारले आहे : "माझे वडील ६१ वर्षांचे आहेत. उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीतून तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. नऊ वर्षांपासून मधुमेह आहे. सकाळी मेटफॉर्मिन आणि ग्लायमेपिराइड अशी एकत्र गोळी घेतात, रात्री नुसती मेटफॉर्मिन. गेल्या महिन्यात एचबीए१सी (तांबड्या पेशींना चिकटलेल्या साखरेवरून गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी) ८.४ आली. डॉक्टर दर वेळी चालायला सांगतात. बाबा आठ दिवस जातात आणि सोडून देतात. आई आणि मी बोलून बोलून थकलो. अशा माणसाला नियमित व्यायामाची सवय लावायची तरी कशी?"

मी बेळगावात गेली सत्तावीस वर्षे मधुमेहाचे रुग्ण पाहतो आहे. त्यातली पहिली दहा वर्षे मी प्रत्येक चिठ्ठीच्या तळाशी 'रोज ४५ मिनिटे चालणे' एवढी एक ओळ लिहीत असे. ती ओळ लिहिताना माझे पेन जितक्या सहज चालत होते, तितक्या सहज कोणाचेच पाय चालले नाहीत. रुग्ण तीन महिन्यांनी यायचे, साखर तेवढीच असायची, मी विचारायचो, "चालता ना?" आणि ते खाली बघत म्हणायचे, "जातो की अधूनमधून." दोघांनाही ठाऊक असायचे की हे खरे नाही. मग मी गोळी वाढवायचो.

निपाणीहून येणाऱ्या एका विडी कामगार बाईंनी मला या ओळीचा पहिला जाब विचारला. सकाळपासून दिवे लागणीपर्यंत मांडीवर सूप घेऊन बसायचे, आणि मजुरी मिळायची ती हजार विड्यांच्या हिशेबाने. मी पंचेचाळीस मिनिटांचे सांगितल्यावर त्या शांतपणे म्हणाल्या, "पंचेचाळीस मिनिटांत किती विड्या होतात, ठाऊक आहे काय सर तुम्हाला?" मला ठाऊक नव्हते. त्या दिवशी चिठ्ठी बाजूला ठेवून मी त्यांना उठल्यापासून निजेपर्यंतचा दिवस सांगायला लावला, तेव्हा कळले की विड्या मोजून द्यायला त्या रोज रिक्षाने जात आणि रिक्षानेच येत. चालत गेल्यास जाण्याचे पंधरा आणि येण्याचे पंधरा मिनिटांचे अंतर होते. जाताना डोक्यावर ओझे असल्यामुळे रिक्षा राहू दिली, येताना रिकाम्या हाताने चालत यायचे ठरवले. पंधरा मिनिटे, पण ती सुटण्याचे काही कारणच उरले नाही, कारण विड्या द्यायला जाणे चुकणार नव्हते.

तेव्हापासून माझे मत पक्के झाले आहे की व्यायाम दिवसात नव्याने कोंबायला गेले तर टिकत नाही; त्या माणसाच्या दिवसात आधीपासून जी गोष्ट न चुकता घडते, तिच्या दावणीला तो बांधावा लागतो. आणि तरीही सुटला, तर माणसाला आळशी ठरवण्याआधी तो नेमका कोणत्या दिवशी आणि कशामुळे सुटला याची चौकशी करावी लागते. तुमच्या वडिलांच्या बाबतीत मला या दुसऱ्या गोष्टीची अधिक शंका येते. तिच्याकडे मी पुढे येतो.

आधी वडिलांची बाजू पाहू. फाउंड्रीत आयुष्य काढलेला माणूस आपल्याला व्यायाम लागत नाही असे मानतो, आणि त्याचे म्हणणे एका काळी खरेही असते. तापलेल्या भट्टीपाशी उभे राहणे, साचे उचलणे, वाळू ओढणे यांत दिवसभर स्नायू राबत होते. निवृत्तीनंतर भट्टी सुटली आणि भाकरी मात्र तेवढीच राहिली. माझ्याकडे येणाऱ्या उद्यमबागेतल्या किंवा शहापूर-वडगावच्या यंत्रमागांवरच्या अनेकांची साखर निवृत्तीनंतरच्या पहिल्या एक-दोन वर्षांतच चढलेली दिसते, आणि त्यांना वाटते की गोळीच लागू पडेनाशी झाली. "तुम्ही काहीच हालचाल करत नाही" असे त्यांना म्हणणे हा त्यांच्या सगळ्या कष्टांचा अपमान ठरतो. त्याऐवजी असे म्हणावे की इतकी वर्षे तुमच्या अंगावर जे औषध फुकट चालू होते, ते निवृत्तीच्या दिवशी बंद झाले. त्यातले थोडे पुन्हा सुरू करायचे आहे.

हे औषध काम कसे करते, तेही त्यांना सांगावे. कारखान्यात काम केलेल्या माणसाला यंत्राची रचना कळली की विश्वास बसतो. जेवणातली साखर रक्तात येते आणि तिथून तिचा मोठा वाटा स्नायूंत जायचा असतो. स्नायूंचे दार एरवी इन्सुलिन उघडते. मधुमेहात ती किल्ली नीट फिरत नाही, म्हणून साखर रक्तातच तुंबून राहते. परंतु स्नायू आकुंचन पावू लागला की साखर आत घेणारे वाहक इन्सुलिनची वाट न पाहता आपणहून पेशीच्या पृष्ठभागावर येतात. म्हणजे चालणाऱ्या पायाचे दार आतून उघडते. शिवाय चालणे थांबल्यावरही पुढचे एक-दोन दिवस स्नायू इन्सुलिनला अधिक चांगला प्रतिसाद देत राहतात, आणि मग तो परिणाम विरतो. सलग दोन दिवसांहून अधिक खाडा करू नये, हा नियम त्यातूनच आला आहे. रविवारी एकदम राजहंसगडावर चढून यायचे आणि पुढचे सहा दिवस खुर्चीत बसायचे, असा हिशेब या आजाराला चालत नाही.

एवढे सांगूनही लोकांना पटतेच असे नाही. त्यांना पटते ते स्वतःच्या बोटातून निघालेल्या रक्ताच्या थेंबाने. एका शिक्षक रुग्णांचा प्रसंग सांगतो. मी सांगतो ते पुस्तकी आहे, अशी त्यांची ठाम समजूत होती. सकाळी घरून पोहे आणि गोड चहा घेऊन ते दवाखान्यात आले होते. खाऊन तासभर झाला होता. ग्लुकोमीटरवर साखर २३२ निघाली. त्यांना मी म्हटले, "तुमचा नंबर यायला अजून वेळ आहे, टिळकवाडीच्या दुसऱ्या रेल्वे गेटपर्यंत जाऊन या, पण भाजी घ्यायला गेल्यासारखे नको, गाडी चुकायच्या बेतात असल्यासारखे जा." वीस-बावीस मिनिटांनी ते घाम पुसत परतले. पुन्हा बोट टोचले : १८६. त्यांनी ते यंत्र हातात घेऊन उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाले, "हे बिघडलेले तर नाही ना?" शंका रास्त होती. ग्लुकोमीटरच्या आकड्यात थोडी चूक असतेच, आणि खाल्ल्यानंतर काही वेळाने साखर आपोआपही उतरू लागते. म्हणून मी त्यांना घरी चार दिवस हाच प्रयोग करायला सांगितला : दोन दिवस तोच नाश्ता करून बसून राहायचे, दोन दिवस तोच नाश्ता करून चालायचे, आणि प्रत्येक वेळी ठरलेल्या मिनिटाला साखर पाहायची. पुढच्या भेटीला त्यांनी चार आकडे वहीच्या कागदावर रेघा मारून, तक्ता करून आणले, आणि नंतर मला त्यांना कधी चालायला सांगावे लागले नाही. चार पट्ट्यांच्या खर्चात एवढे समजावणारे दुसरे साधन मला सापडलेले नाही. तुमच्या घरी ग्लुकोमीटर असेल तर वडिलांवर हा प्रयोग नक्की करा, आणि आकडा वाचायचे काम त्यांनाच करू द्या.

आता मात्रेविषयी. प्रौढ मधुमेही व्यक्तीने आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम वेगाचा व्यायाम करावा, हे सर्वमान्य प्रमाण आहे. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या, अनेक चाचण्यांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या एका अभ्यासात, आठवड्याला १५० मिनिटांहून जास्त आखीव व्यायाम करणाऱ्यांची एचबीए१सी सरासरी ०.८९ ने उतरली होती आणि त्याहून कमी करणाऱ्यांची ०.३६ ने. एखाद्या गोळीने जेवढा फरक पडतो, त्याच्या जवळपास जाणारा हा आकडा आहे. त्याच आढाव्यात आणखी एक गोष्ट दिसली, आणि ती वाचताना मला माझी चिठ्ठीच्या तळाची ओळ आठवली : व्यायामाचा नुसता तोंडी सल्ला, त्याला आहाराच्या सल्ल्याची जोड नसेल तर, एचबीए१सी मुळीच हलवत नाही.

१५० ही संख्या ऐकून लोक दचकतात, म्हणून मी ती घरातल्या भाषेत सांगतो. आपल्याकडे रात्रीच्या जेवणानंतर शतपावली घालण्याची पद्धत आहे. आजोबा-पणजोबा अंगणात घालत असत, आता ती टीव्हीपुढच्या सोफ्यापर्यंतच्या पाच पावलांवर आली आहे. शंभर पावले म्हणजे बेताच्या झपाझप चालीने जेमतेम एक मिनिट. तिची सहस्रपावली केली की दहा मिनिटे होतात. सकाळचा नाश्ता, दुपारचे जेवण आणि रात्रीचे जेवण, यांतल्या प्रत्येकानंतर एक सहस्रपावली घातली तर रोजची तीस मिनिटे भरतात, आठवड्यातले पाच दिवस साधले तरी दीडशेचा आकडा गाठला जातो, आणि जेवणानंतर साखर चढायच्या नेमक्या वेळी चालणे घडत असल्यामुळे त्याच मिनिटांचा लाभ अधिक होतो. एकच वेळ जमणार असेल तर मी रात्रीची निवडायला सांगतो. आपल्या घरांत रात्रीचे जेवण उशिरा आणि भरपेट होते, त्यात भात असतो, आणि त्यानंतर माणूस थेट आडवा होतो. जेवण कधी चुकत नाही, म्हणून त्याला बांधलेले चालणेही फारसे चुकत नाही. वेगाची खूण अशी : चालताना शेजारच्याशी बोलता आले पाहिजे, पण अभंग म्हणता येता कामा नये. अभंग सुरात म्हणता येत असेल तर चाल वाढवा. दोन शब्द बोलतानाही धाप लागत असेल तर कमी करा.

आता त्या शंकेकडे. "बाबा आठ दिवस जातात आणि सोडून देतात", या वाक्यापाशी मी थांबलो. माझ्याकडे एक गृहस्थ वर्षानुवर्षे येत होते. पहाटे उठून व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर जायचे आणि आठ-दहा दिवसांत बंद करायचे. कारण विचारले की "पाय दुखतात" म्हणायचे. मी पाय तपासले, गुडघ्याचा फोटो काढला, वेदनाशामक लिहून दिले, आणि तरीही तेच. शेवटी एकदा त्यांच्या पत्नी सोबत आल्या होत्या. त्यांनी सहज सांगितले, "फिरून येतात तेव्हा शर्ट पिळून काढावा इतका घाम असतो, हात थरथरत असतात, आणि आल्या आल्या चिडचिड करत डब्यातली बिस्किटे संपवतात." मला स्वतःची लाज वाटली. गृहस्थ उठल्यावर ग्लायमेपिराइडची गोळी घेत होते, पोटात कपभर चहा टाकत होते आणि तासभर चालत होते. त्यांची साखर मैदानावर घसरत होती. ती साखर आहे हे त्यांना कळत नव्हते. एवढेच कळत होते की फिरायला गेले की आपल्याला भीतीदायक काहीतरी होते, आणि साठीतल्या पुरुषाला "मला भीती वाटते" म्हणण्यापेक्षा "पाय दुखतात" म्हणणे सोपे जाते.

तुमचे वडील त्याच जातीची गोळी घेतात. तेव्हा सर्वांत आधी त्यांना एकांतात, आरोप न करता विचारा की चालताना किंवा चालून आल्यावर कधी घाम फुटणे, हात कापणे, छातीत धडधडणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे, एकाएकी कडकडून भूक लागणे, असे काही होते काय. ग्लायमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड या गोळ्या आणि इन्सुलिन यांच्याबरोबर व्यायाम केल्यास साखर वाजवीपेक्षा खाली जाऊ शकते. एकट्या मेटफॉर्मिनने सहसा तसे होत नाही. ग्लायमेपिराइडची गोळी नाश्त्याबरोबर घ्यायची असते. ती घेऊन उपाशी पोटी चालायला जाणे, हीच घसरणीची वाट. ज्यांना या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू आहे, त्यांनी चालायच्या आधी साखर पाहावी. ९० च्या खाली असेल तर आधी थोडे खाऊन मगच निघावे. चालताना लक्षणे जाणवली, किंवा साखर ७० च्या खाली दिसली, तर जागीच बसून तीन चहाचे चमचे साखर पाण्यात घालून किंवा तशीच घ्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावी आणि अजून कमीच असेल तर तेवढीच पुन्हा घ्यावी. खिशात साखरेची पुडी हवी. कुंदा नव्हे : त्यातल्या खव्याच्या स्निग्धतेमुळे साखर रक्तात पोहोचायला उशीर लागतो, हे मी बेळगावकरांना मुद्दाम सांगतो, कारण या निमित्ताने कुंद्याची वडी खिशात ठेवणारे दोघे मला भेटलेले आहेत. शिवाय एखाद्या दिवशी नेहमीपेक्षा पुष्कळ जास्त श्रम झाले असतील, तर साखर त्या रात्री झोपेतही उतरू शकते. रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर जातीची (हृदयाचे ठोके मंद करणारी) गोळी चालू असल्यास धडधड जाणवत नाही. तेव्हा घामावर लक्ष ठेवावे.

असे काही होत असेल तर उपाय व्यायाम सोडणे हा नसून गोळीचा डोस कमी करणे हा आहे, आणि तो तुमच्या डॉक्टरांनी ठरवायचा आहे. स्वतःहून गोळी बंद करू नका. "चालायला लागल्यापासून तुमची गोळी अर्धी करतो", हे वाक्य मी जेव्हा रुग्णाला म्हणू शकतो, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जे दिसते ते दुसऱ्या कोणत्याही उपदेशाने दिसत नाही.

चालणे सुटण्याची बाकीची कारणे साधी असतात. पहिल्याच दिवशी तासभर चालून पिंढऱ्या भरून येणे हे त्यांत सर्वांत मोठे. नवख्याने पहिल्या आठवड्यात दहा मिनिटांच्या पुढे जाऊ नये, जावेसे वाटले तरी. मग येतो पाऊस. आपल्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत, आणि खानापूरच्या पश्चिमेला कणकुंबीकडे तर विचारायलाच नको, चार-चार दिवस बाहेर पाऊल टाकता येत नाही, आणि उन्हाळ्यात जमवलेली सवय मृगात वाहून जाते. म्हणून पावसाळ्याचा व्यायाम मे महिन्यातच ठरवून ठेवावा. पाठ टेकायची लाकडी खुर्ची घ्यावी, हात छातीशी बांधून दहा वेळा उठावे-बसावे. मग भिंतीला हात टेकून दहा वेळा अंग पुढे-मागे न्यावे. मग ओट्याला धरून वीस वेळा टाचा उचलाव्या. आणि हे सारे तीनदा करावे. एवढ्याने घाम येतो. हा केवळ पावसाळी पर्याय नाही, आठवड्यातून दोन-तीनदा ताकदीचा व्यायाम चालण्याच्या जोडीला एरवीही हवाच असतो, कारण साखर साठवण्याची कोठारे म्हणजे स्नायू, आणि पन्नाशीनंतर ती आपोआप लहान होत जातात.

आपण भारतीय त्या बाबतीत मुळातच थोडे कमनशिबी आहोत. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली आपल्या एका ब्रिटिश सहकाऱ्यासोबतचा स्वतःचाच दाखला प्रसिद्ध केला होता. उंचीच्या मानाने वजन पाहणारा निर्देशांक दोघांचाही हुबेहूब २२.३, पण शरीरातली चरबी सहकाऱ्याची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. म्हणून "मी काही जाड नाही, मला कशाला व्यायाम?" या प्रश्नाला मी हे दोन आकडे सांगतो. सीमाभागात तालमींची परंपरा अजून टिकून आहे. तरुणपणी जोर-बैठका मारलेले, खुराक तसाच ठेवून तालीम सोडलेले अनेक मल्ल माझ्याकडे पन्नाशीत मधुमेह घेऊन येतात. त्यांना मी चालण्याआधी बैठकाच सांगतो. निम्म्या वाकून, खुर्चीला धरून का होईना, बैठक म्हटली की त्यांच्या अंगात जुना माणूस जागा होतो. चालणे हे त्यांना म्हाताऱ्यांचे काम वाटते.

बायकांची अडचण वेगळी. तुमच्या आईंनाही हे लागू पडेल. सकाळी पाणी भरायचे असते, डबे असतात, आणि सुनेने किंवा सासूने एकटीने रस्त्यावर हात हलवत फिरणे काही गल्ल्यांत अजूनही चर्चेचा विषय होतो. तिथे मी देवळाचा आधार घेतो. "फिरायला जाते" म्हणणे जड जात असेल तर "कपिलेश्वराला जाऊन येते" म्हणायला कोणाची हरकत नसते. फक्त जवळचे देऊळ सोडून लांबचे निवडायचे. भजनी मंडळातल्या चौघीजणी मिळून निघाल्या तर एकीने खाडा करायचा म्हटला की बाकीच्या तिघी दारात येऊन उभ्या राहतात. माझ्या औषधांहून या चौघींचा धाक अधिक चालतो. पाणी यायच्या दिवशी चालणे होणार नाही हे गृहीतच धरावे आणि तो दिवस सुट्टीचा मानावा. ठरवून घेतलेल्या सुट्टीने सवय मोडत नाही.

पायांविषयी थोडे कठोरपणे सांगतो, कारण इथे श्रद्धा आड येते. आषाढात दिंडीबरोबर पंढरपूरला, चैत्रात जोतिबाला पायी जाणारे माझे कितीतरी रुग्ण आहेत. ज्या बेळगाव जिल्ह्यातल्या अंकलीहून शितोळे सरकारांचे अश्व दरवर्षी माउलींच्या पालखीसाठी पायी आळंदीला जातात, तिथल्या माणसाला चालण्याचे महत्त्व मी काय सांगावे! सुश्रुतसंहितेतही प्रमेहाच्या (मधुमेह ज्यात मोडतो त्या विकाराच्या) निर्धन रुग्णाने एका गावी एकच रात्र राहत, भिक्षेवर निर्वाह करत शंभर योजने किंवा त्याहून अधिक चालावे असे सांगितले आहे. चालण्याचा तो सल्ला आजही खरा ठरतो. परंतु त्याच ठिकाणी हे चालणे पादत्राणांशिवाय करावे असे म्हटले आहे, आणि तेवढे आज मुळीच ऐकू नये. दहा-बारा वर्षांच्या मधुमेहाने तळव्यांची संवेदना कमी झालेली असू शकते, तापलेल्या डांबराचा चटका किंवा रुतलेला काटा कळत नाही, आणि वारीहून साखर उत्तम घेऊन आलेला माणूस पायावरच्या जखमेपायी अंगठा गमावून बसतो. हे मी पाहिले आहे. पुढून बंद, आतून मऊ, बोटांना जागा असलेले बूट, सुती मोजे, घालण्यापूर्वी बूट उलटा करून झटकणे, आणि रात्री तळवे स्वतः किंवा आरशात पाहणे, एवढे न चुकता व्हावे. देवळात अनवाणी जावेच लागते. तिथे मोजे काढू नका, देव रागावणार नाही.

सुरुवातीच्या आधी काही तपासण्या हव्यात. नऊ वर्षांच्या मधुमेहानंतर डोळ्यांच्या पडद्याची तपासणी झालेली नसेल तर ती आधी करून घ्या, कारण पडद्यावर नाजूक नव्या रक्तवाहिन्या वाढलेल्या असतील तर श्वास रोखून जड वजन उचलल्याने डोळ्यात रक्तस्राव होऊ शकतो. चालताना छातीत, जबड्यात किंवा डाव्या हातात दाब येत असेल, किंवा पूर्वी लागत नव्हता तिथे दम लागत असेल, तर आधी हृदयाची तपासणी; मधुमेहात हृदयविकार कधीकधी न दुखताच येतो. साखर २५० च्या वर असून ताप, उलट्या किंवा लघवीत कीटोन (शरीर साखरेऐवजी चरबी जाळू लागल्याची खूण) असतील तर त्या दिवशी विश्रांती घ्यावी. साध्या चालण्यासाठी याहून जास्त तपासण्यांची बहुतेकांना गरज नसते, आणि तपासण्यांच्या यादीमागे लपून चालणे पुढे ढकलणारेही मी पुष्कळ पाहिले आहेत.

घरच्यांनी काय करावे? बोलणे कमी करावे. रोज "गेला नाहीत ना आज?" असे विचारले की माणूस खोटे बोलायला शिकतो. त्याऐवजी भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर, ज्या दिवशी जेवणानंतर दहा मिनिटे झाली त्या चौकोनात वडिलांनीच एक आडवी रेघ मारावी. दोनदा झाली तर दोन रेघा. किती चालला हे विचारायचे नाही, रेघा दिसतातच. माझ्याकडे येताना रुग्णाने महिन्याचे ते पान फाडून आणावे, असा माझा आग्रह असतो, आणि मी रक्ताचा रिपोर्ट उघडण्याआधी ते पान पाहतो. रिकाम्या चौकोनांवर बोट ठेवून "हा आठवडा काय झाले?" असे विचारले की खरी कारणे बाहेर येतात : लग्न होते, नातवाला ताप होता, चप्पल तुटली होती, गल्लीतले कुत्रे मागे लागले. चप्पल आणि कुत्रे यांच्यावर तोडगा निघतो. आळसावर मात्र मला आजवर तोडगा सापडलेला नाही, पण खरा आळस मी समजत होतो त्याहून फारच थोड्या जणांत निघाला.

तुमच्यासाठीही एक गोष्ट यात आहे. वडिलांना मधुमेह आहे म्हणजे तुमचाही धोका सर्वसाधारण माणसाहून अधिक आहे. चेन्नईत झालेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या भारतीयांमध्ये आहार आणि रोजचे किमान अर्धा तास चालणे यांनी मधुमेह होण्याचे प्रमाण २८.५ टक्क्यांनी घटले होते, आणि मेटफॉर्मिनने २६.४ टक्क्यांनी. तेव्हा तुम्ही वडिलांसोबत निघालात तर केवळ त्यांच्यावर उपकार म्हणून निघू नका.

वडिलांसाठी माझी योजना अशी. या आठवड्यात त्यांच्या डॉक्टरांना भेटून ग्लायमेपिराइडविषयी बोला आणि पाय व डोळे तपासून घ्या. पहाटेचे फिरणे सध्या विसरा. पहिले दोन आठवडे फक्त रात्रीच्या जेवणानंतर दहा मिनिटे. तिसऱ्या आठवड्यापासून दुपारच्या जेवणानंतरची दहा मिनिटे जोडा, सहाव्यापासून नाश्त्यानंतरची, आणि त्याच सुमारास एक दिवसाआड खुर्चीचा व्यायाम. एचबीए१सी तीन महिन्यांच्या आत पुन्हा तपासू नका. तांबड्या पेशींचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचे असते, त्याआधी पाहिलेला आकडा जुन्याच दिवसांचा हिशेब सांगतो आणि उगाच हिरमोड करतो. तोवर जेवणानंतरच्या साखरेचे ग्लुकोमीटरवरचे आकडे पुरेत. पहिले काही दिवस रात्री तुम्ही त्यांच्याबरोबर निघा, खिशात साखरेची पुडी ठेवा, आणि कोणत्या रस्त्याने जायचे ते त्यांना ठरवू द्या. फाउंड्रीच्या बाजूने निघाले तर जाऊ द्या. त्या रस्त्यावर त्यांना थांबवून बोलणारी माणसे भेटतील, तेवढी दोन मिनिटे परतताना वाढवून घ्या.